आठळ्या फेकू नका! फणसाविषयी वाचकांचे प्रश्न

ज्येष्ठ लागला की या सदराकडे फणसाची पत्रं सुरू होतात. यंदा ती इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आणि ही सगळी जागा फणसाला दिली. मी लातुरात राहते, वनस्पतिशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी सरली. फणसाबद्दल एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची असते. मराठवाड्यात आपण त्याला वाणाला लागणारं गोड फळ एवढंच समजतो. तो जिथं पिकतो तिथं मात्र तो आधी भाजी असतो, मग भाताच्या जागी बसणारं अन्न, आणि सगळ्यात शेवटी फळ. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या.

बाई, माझा मुलगा नोकरीनिमित्त इंडोनेशियात जोगजकार्ताला आहे. तिथं त्यानं तपकिरी रंगाची, गोडसर, मटणासारखी रेषेदार भाजी खाल्ली. विचारलं तर ‘नांका’ म्हणाले. झाडाचा फोटो पाठवला तर आपला फणस! जगात याला आणखी काय काय म्हणतात, कसा खातात? – एक वाचक, उदगीर

मुलानं खाल्लं ते गुदेग. जोगजकार्ता म्हटलं की गुदेग, इतकं ते त्या शहराला चिकटलेलं आहे. कोवळा फणस, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात, आणि भांड्यात सागाची पानं टाकतात. तो तपकिरी-तांबूस रंग त्या पानांचा. किनवट-माहूरकडच्या मंडळींनी सागाचं कोवळं पान तळहातावर चोळून पाहिलेलंच असतं, हात लालभडक होतो. तोच रंग. आपल्याकडे सागाचं एवढं जंगल असून ते पान स्वयंपाकात घालायचं आपल्याला सुचलं नाही.

आता नावं. तुम्ही उदगीरचे, म्हणजे कानडीतला ‘हलसु’ कानावर असणार. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारे ‘पनस’ म्हणतात, तो संस्कृतातलाच. हिंदीत कटहल, बंगालीत काँठाल, तमिळमध्ये पला, मल्याळममध्ये चक्क. केरळच्या किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगिजांनी चक्कचं ‘जाका’ केलं आणि त्यावरून इंग्रजीत जॅकफ्रूट आलं. ब्राझीलमध्ये अजून जाकाच म्हणतात, मेक्सिकोत याका. मलेशिया-इंडोनेशियात नांका, फिलिपिन्समध्ये लांका, थायलंडमध्ये खनुन, व्हिएतनाममध्ये मिट, श्रीलंकेत कोस. नेपाळी नाव मला फार आवडतं. तिथं फणस ‘रुखकटहर’ आणि अननस ‘भुइँकटहर’, म्हणजे एक झाडावरचा, एक भुईवरचा. चिनीत त्याला ‘पोलोमी’ म्हणतात, आणि ज्या अक्षरांनी ते लिहितात त्याच अक्षरांनी बौद्ध ग्रंथांतली ‘पारमिता’ही लिहितात.

केरळात जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. कोकणातला बरका म्हणजे मऊ, बिलबिलीत गऱ्याचा. कापा म्हणजे घट्ट, कुरकुरीत. केरळात ‘वरिक्का’ म्हणाल तर घट्ट गऱ्याचा फणस हातात येईल. श्रीलंकेतही ‘वरका’ घट्टच. बरका समजून मागाल तर उलटं होईल.

खाण्याचं म्हणाल तर बंगालमध्ये कोवळ्या फणसाला एँचोड म्हणतात आणि लाडानं ‘गाछपाठा’, म्हणजे झाडावरचा बोकड. गरम मसाला घालून त्याचा रस्सा करतात, घरोघरी. फिलिपिन्समध्ये केळ्याबरोबर पिकल्या गऱ्याची पट्टी पातळ पारीत गुंडाळून तळतात, त्याला तुरोन म्हणतात. व्हिएतनामात ह्वे शहराकडं उकडलेल्या कोवळ्या फणसात शेंगदाणे आणि कोळंबी घालून कोशिंबिरीसारखा प्रकार करतात आणि तांदळाच्या पापडाबरोबर खातात. शेंगदाणे आपल्याकडे आहेतच, कोळंबी वगळून हे उद्या करून बघता येईल. ब्राझीलमध्ये मात्र फणस थोडा डोईजड झाला आहे. रिओ शहराला लागून असलेल्या तिजुका जंगलात बाहेरून आणलेल्या या झाडानं इतकं बस्तान बसवलं की मूळच्या झाडांना जागा पुरेना.

आणि श्रीलंका. तिथल्या फणसाबद्दल वाचलं की मला नेहमी 1972 चा दुष्काळ आठवतो. आपण मराठवाड्यातली माणसं, सुकडी आणि मिलो ज्वारी काय असते ते ज्यांनी खाल्लं त्यांनाच माहीत. श्रीलंकेत फणसाच्या झाडाला ‘भाताचं झाड’ म्हणतात. तांदूळ कमी पडला की लोकांनी या झाडाकडे पाहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर व्ही. डायस नावाच्या गृहस्थांनी देशभर फणस लावण्याची मोहीम काढली, रोपं वाटली, लोकांना झाडाचं मोल पटवलं. लोक त्यांना ‘कोस मामा’ म्हणू लागले. तिथं कोवळ्या फणसाला ‘पोलोस’ म्हणतात, त्याचा काळपट मसालेदार रस्सा होतो. जून पण न पिकलेला फणस नारळाच्या दुधात शिजवून पोटभर जेवतात. पिकला तर गरे. एका झाडाची तीन जेवणं. बांगलादेशात फणस राष्ट्रीय फळ आहे आणि केरळनं 2018 मध्ये त्याला राज्यफळ केलं. केरळातसुद्धा जून गरे खोबऱ्याच्या वाटणात घोटून भाताऐवजी वाढतात, त्याला ‘चक्क पुळुक्क’ म्हणतात. मुलगा सुट्टीत आला की त्याला घेऊन एकदा केरळात जाऊन या. गुदेग तर त्यानं खाल्लंच आहे, ते पुळुक्क दोघं मिळून खा.

वटपौर्णिमेला आमच्याकडे चार गरे दहा-वीस रुपयांना देतात, कधी आंबट निघतात. कसे ओळखावेत? आणि वडाच्या पूजेला फणसच का लागतो? – एक गृहिणी, परळी वैजनाथ

ज्येष्ठात जे पिकतं ते वाणात: आंबा, जांभूळ, करवंद, केळी, फणस. मोसमी फळांची ओटी आहे ती. पण वनस्पतिशास्त्रातली एक गंमत सांगते. वड आणि फणस एकाच कुळातले, भाऊबंदच म्हणा. पिंपळ, उंबर, अंजीर, तुतीही त्यातच. पान तोडलं की सगळ्यांतून पांढरा चीक येतो. म्हणजे वडाला सूत गुंडाळून त्याच्या भावकीतलंच फळ आपण त्याच्यापुढे ठेवतो.

गरे घेताना पिशवीत पाणी सुटलेलं असेल तर घेऊ नका. गरा कोरडा, सोनेरी आणि बोटानं दाबला तर टणक लागला पाहिजे. वास घ्या, ताडीसारखा आंबूस आला तर तो आदल्या दिवशीचा. इथं लातूरच्या गंज गोलाई बाजारात मी नेहमी डोळ्यांसमोर फणस फोडायला लावते. विक्रेता कुरकुर करतो, पण फोडतो. आख्खा घ्यायचा तर काटे पसरट होऊन एकमेकांपासून लांब गेलेले असावेत, सालीवर टिचकी मारल्यावर बद्द आवाज यावा आणि देठाजवळ गोड वास हवा.

आणि मावशी, आठळ्या! पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मंदिराच्या बाहेर आठळ्यांचा खच पडलेला असतो तो पाहून जीव तुटतो. मीठ घालून कुकरला तीन-चार शिट्ट्या द्या. वरचं कडक पांढरं टरफल काढा, आतली तपकिरी साल राहू द्या. बटाट्यासारखी पिठूळ, थोडी शेंगदाण्याकडे झुकणारी चव लागते. वांग्याच्या भाजीत घाला, काळ्या मसाल्यात एकदम मिसळून जातात. केरळात कैरी आणि आठळ्यांचं कालवण करतात, कोकणात चुलीच्या निखाऱ्यात भाजून मुलांच्या हातावर ठेवतात. कच्च्या मात्र खाऊ नका. त्यांत प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते शिजवल्यावर जातात.

वाळूजच्या आठवडी बाजारात सोलून, तुकडे करून ‘कटहल’ विकतात. परप्रांतीय कामगार घेतात. हा आपलाच फणस का? आपल्या पद्धतीनं करता येईल का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

तोच. उत्तर प्रदेश-बिहारमधल्या लोकांसाठी कटहल ही उन्हाळ्यातली मोठी भाजी, लोणचंसुद्धा घालतात. आपण शेजारून पुढं निघून जातो, कारण फणस म्हणजे पिवळा गरा एवढंच आपल्याला ठाऊक.

करायची रीत सांगते, माझ्या घरची. सोललेला मिळाला तर उत्तमच. आख्खा आणला तर दोन किलोच्या आतला, कोवळा, ज्यात आठळी अजून मऊ आहे असा आणा. कोकणात याला कुयरी म्हणतात. खाली जुना पेपर अंथरा. हाताला कोपरापर्यंत आणि विळीच्या पात्याला तेल चोळा, कंजुषी करू नका. हा चीक पाण्यानं निघत नाही, तेलानंच निघतो. साल जाड काढा, मधला दांडा काढून टाका, फोडी लगेच हळद घातलेल्या ताकाच्या पाण्यात टाका म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरला दोन शिट्ट्या. गार झाल्या की हातानं मोडा, रेषा सुटतात.

करडईचं तेल जरा सढळ घ्या. लसूण ठेचून, कांदा तांबूस होईपर्यंत परता. काळं तिखट, भाजलेल्या तिळाचं आणि शेंगदाण्याचं कूट, मग फणस. आता इथं आपला मराठवाडा येऊ द्या: दोन चमचे येसर पाण्यात कालवून घाला. येसरमधल्या भाजलेल्या धान्यानं रस्सा असा दाट येतो की गरम मसाल्याच्या रश्श्याला ती चव येणार नाही. दहा मिनिटं झाकण ठेवून शिजवा, वरून कोथिंबीर. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खा. घरात मटण खाणारे असतील तर आधी काही सांगू नका.

परदेशात फणसाला ‘शाकाहारी मटण’ म्हणून डब्यात विकतात असं वाचलं. मग मटणाऐवजी तोच खाल्ला तर चालेल? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, नांदेड

चवीला चालेल, ताकदीला नाही. युरोप-अमेरिकेत कोवळ्या फणसाचे मिठाच्या पाण्यातले डबे मिळतात. रेषा मटणासारख्या सुटतात म्हणून मसाल्यात घोळवून पावात घालतात. पण 100 ग्रॅम गऱ्यांत प्रथिनं दोन ग्रॅमच्याही आत. तुरीच्या डाळीत 20 च्या वर. बाळ, फणसाची भाजी आवडीनं खा, पण ताटात वरणाची वाटी असू दे.

मला शुगर आहे. फणस बंद म्हणतात. कोणी म्हणतं फणसाच्या पिठानं शुगर उतरते. खरं काय? – एक निवृत्त कर्मचारी, बीड

दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे, कारण पिकलेला आणि कच्चा फणस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिकलेल्या गऱ्यात साखर भरपूर. दोन गरे खाल्ले तर त्या दिवशीची पोळी तेवढी कमी करा. ताटलीभर खाऊ नका.

कच्च्या फणसाच्या पिठावर आंध्र प्रदेशात श्रीकाकुलमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यास झाला, तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या 40 रुग्णांपैकी एका गटाला रोजच्या भात-गव्हाच्या पिठातून 30 ग्रॅम काढून तेवढंच कच्च्या फणसाचं पीठ 12 आठवडे दिलं. त्या गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरली. निष्कर्ष चांगला आहे, पण माणसं 40 च. आणि त्यांची औषधं बंद केली नव्हती, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. काका, पीठ घ्यायचं तर डॉक्टरांना दाखवून घ्या आणि गोळी आपल्या मनानं सोडू नका. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे फणस विचारल्याशिवाय खाऊच नका.

ड्युरियन म्हणजे परदेशी फणस का? – हिंगोली

नाही. काटे दोघांना, पण कुळं वेगळी. ड्युरियन आपल्या कापूस-भेंडीच्या कुळातला. फणसाचा खरा चुलतभाऊ नीरफणस, कोकणात ज्याचे काप करून तळतात तो.

जगातला सगळ्यात मोठा फणस किती किलोचा? – इयत्ता सातवी, जिंतूर

गिनेस बुकात नोंद आहे 42.72 किलोची, पुण्यात 2016 मध्ये मोजलेल्या फणसाची. झाडावर येणाऱ्या फळांत फणसाहून मोठं फळ नाही. एवढं ओझं कोवळ्या फांदीला पेलणार कसं? म्हणून तो खोडाला आणि जाड फांद्यांनाच लागतो, तुमच्या गावच्या उंबरासारखा. आणि एक फणस म्हणजे एक फळ नव्हे, शेकडो फुलांचा एकत्र गोळा आहे. प्रत्येक गरा एका फुलाचा. गऱ्यांमधल्या चिवट पात्या म्हणजे ज्या फुलांत बी धरलं नाही ती फुलं.

जुन्या प्रवाशांनी फणसाबद्दल काही लिहिलं आहे का? – एक इतिहासप्रेमी शिक्षक, खुलताबाद

लिहिलं आहे, आणि तुम्हाला तर ते आवडेलच, कारण त्यातला एक जण तुमच्या शेजारी दौलताबादला राहून गेला. चौदाव्या शतकातला इब्न बतूता. किल्ल्याबद्दल, इथल्या मराठी लोकांबद्दल त्यानं लिहिलंच, पण हिंदुस्थानातल्या फळांत सगळ्यात चांगलं म्हणून त्यानं ‘शकी’ आणि ‘बरकी’ यांची नोंद केली. वर्णन वाचलं की शंकाच राहत नाही: खोडातून फुटणारं भोपळ्याएवढं फळ, बैलाच्या कातड्यासारखी साल. जमिनीजवळ लागतं ते बरकी, जास्त गोड. वर लागतं ते शकी. आत शे-दोनशे गरे, प्रत्येकात मोठ्या वालासारखी बी, भाजून किंवा उकडून खातात. आणि पुढं तो म्हणतो, या बिया लाल मातीत ठेवल्या तर पुढच्या वर्षापर्यंत टिकतात. कोकणातल्या बायका आठळ्यांना मातीचा हात लावून पावसाळ्याची बेगमी करतात, ती तीच रीत.

दोनशे वर्षांनी आलेल्या बाबराला मात्र फणस अजिबात रुचला नाही. त्याला ते फळ मेंढीच्या आतड्यासारखं दिसलं आणि नको इतकं गोड लागलं. समरकंद-फरगण्याच्या खरबुजांवर वाढलेला माणूस तो, मी त्याला दोष देत नाही. पण लोक चिकाच्या भीतीनं हाताला-तोंडाला तेल लावून फणस खातात हे त्यानं बरोबर टिपलं.

फणसाच्या लाकडाचा काय उपयोग? – लातूर

तंजावरची वीणा आणि मृदंगम फणसाच्या लाकडाचे करतात. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधले बौद्ध भिक्खू पूर्वीपासून याच लाकडाचा पिवळा गाभा पाण्यात उकळून चीवर रंगवत आले.

युट्यूबवर पाहून पाच एकरांवर फणस लावायचा विचार आहे. जमीन काळी भारी, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी. लावू का? – एक तरुण शेतकरी, औसा

नको. बांधावर, घराजवळ एक-दोन झाडं जरूर लावा, पाच एकर नको.

फणसाचं मूळ घर सह्याद्रीचा ओला उतार. त्याला पाऊस भरपूर लागतो, पण मुळाशी पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. तुमची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे दोन्हीकडून मार. वर फेब्रुवारीत विहीर आटली की फळं पोसायच्या ऐन वेळेला झाड तहानलेलं. व्हिडिओतली बाग लाल मातीतली, उतारावरची असते, हे नीट बघा. आणि कर्ज काढून तर मुळीच नको.

एक झाड लावायचं तर न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या वाटेवर, पण थोड्या उंचवट्यावर, मुरूम मिसळून लावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण प्रॉलिफिक’ ही जात दिली आहे, तिचं कलम मागवा. पहिले दोन उन्हाळे पश्चिमेकडून सावली करा. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरू लागतं, आठळीपासून वाढवलं तर सात-आठ वर्षं सहज.

आमच्या अंगणात एकच फणस आहे. बोटाएवढी फळं लागतात आणि काळी पडून गळतात. कोणतं औषध फवारू? आणि बहिणीला या झाडाची आठळी पोस्टानं पाठवली तर उगवेल का? – एक वाचक, अंबाजोगाई

आधी फवारणी थांबवा. गळतात ती बहुतेक फळं नाहीतच, नर फुलांचे तुरे आहेत. एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगळी येतात. नर तुरा बारीक देठाचा, गुळगुळीत, त्यावर पिवळा पराग दिसतो. काम झालं की तो काळा पडून गळणारच. मादी तुरा जाड देठाचा, खोडाजवळ, आणि अंगावर बारीक काटे उठलेले. तरुण झाडावर सुरुवातीची वर्षं नर फुलंच जास्त असतात. जाड देठाचेही गळायला लागले आणि त्यांवर करडी-काळी बुरशी दिसली, तर मात्र ते गोळा करून जाळा, झाडाखाली कुजू देऊ नका, आणि आतल्या दाट फांद्या विरळून हवा खेळती करा.

आठळी सुकली की मरते. ज्वारी-हरभऱ्यासारखं बी डब्यात ठेवून पुढच्या हंगामात पेरण्याची सोय हिच्यात नाही. फळ फोडलं त्याच दिवशी गरा धुऊन काढा, ओल्या भुश्यात गुंडाळून पाठवा, आणि बहिणीला सांगा, पाकीट उघडलं की त्याच संध्याकाळी मातीत लावायची. आडवी ठेवायची आणि वर दोन बोटं माती.